पहिली रेघ जमिनीची

खोटं पान अक्कांना लगेच ओळखू यायचं. मला हे नोकरी मागायला गेले त्याच सकाळी कळलं, आणि चांगलंच कळलं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर, नवऱ्याच्या कंप्युटरच्या नोकरीपायी मी पुणं सोडून बंगळुरात येऊन पडले होते. जे. पी. नगरात भाड्याचं घर, ना ओळख ना पाळख, आणि नवरा सकाळी जो जायचा तो दिवेलागणीनंतर उगवायचा. मी भिंतींशी बोलायला लागायच्या आत शेजारणीनं सांगितलं की मागच्या रस्त्यावरच्या बालवाडीत मदतनीस बाई हवी आहे, आणि तिथल्या मुख्य बाई मराठीच आहेत. मला वाटलं, चला, आपलं माणूस भेटलं. आपलं माणूस वगैरे काही नव्हतं ते.

एक जुना बैठा बंगला होता. समोर फाटक, मग मोठं अंगण, डाव्या हाताला स्वयंपाकघराची पडवी, आणि पार मागे, कुंपणाच्या भिंतीलगत, मुलांची खोली. खोली आणि भिंत यांच्यामध्ये एक अवाढव्य रेन ट्री. त्याच्या फांद्या सगळ्या कौलांवर पसरलेल्या, त्यामुळे खोलीत भर दुपारीही दिवा लावावा लागे. अक्का पडवीच्या पायरीवर बसल्या होत्या. साठी ओलांडलेल्या, उंच, हाडकुळ्या, सुती लुगड्याचा पदर कमरेला घट्ट खोचलेला, अंबाड्यात अबोलीचा तुकडा आणि नखांत मेणाचा खडू. माझं नाव, गाव, शिक्षण काहीएक न विचारता त्यांनी कागद पुढे केला. म्हणाल्या, "एक पान काढ."

मी पटकन काढून दिलं. टोकदार पान, मधोमध शीर, दोन्ही बाजूंना फुटलेल्या रेघा. सगळे काढतात तसंच. त्यांनी कागद अगदी नाकाला लावला.

"हे कुठं बघितलंस?"

"कुठं म्हणजे? पान आहे ते."

"कुठल्या झाडाचं?"

मी खांदे उडवले. त्या म्हणाल्या, "पुस्तकातलं पान आहे हे. खोटं. जा, बाहेर जाऊन एक खरं आण."

मी फर्स्ट क्लास पदवीधर, त्यात पुण्याची. माझ्या पानाला कुणी खोटं म्हणावं? तणतणत बाहेर गेले आणि रेन ट्रीखाली पडलेलं एक पान उचललं. बघते तर ते एक पान नव्हतंच, एका काडीला लागलेली कितीतरी छोटी पानं होती, आणि प्रत्येक पान तिरकं, शिरेच्या एका अंगाला रुंद नि दुसऱ्या अंगाला अरुंद. हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. तासभर डोकं घालून बसले. अक्कांनी तो कागदही नाकाशी नेला आणि म्हणाल्या, "स्वल्प बरं आहे. उद्यापासून ये." त्या दिवसापासून त्यांनी मला नावानं कधी हाक मारली नाही. मी त्यांची 'पुणेकर' झाले.

त्यांचे पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेले. "आमचे लोक घोड्यावरून आले, तुम्ही रेल्वेनं आलात, तेही रिझर्व्हेशन करून," असं म्हणून मला चिडवायच्या. त्यांच्या मराठीत निम्मं कन्नड असे. 'थोडं' हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नाही, नेहमी 'स्वल्प'. 'बरं' म्हणायचं असलं की 'सरी'. आणि मुलांना बाहेर काढायचं असलं की दोन टाळ्या वाजवून 'नोडोण!' नोडोण म्हणजे 'बघू या.' वर्गात कन्नड, तमिळ, हिंदी, मराठी अशी सगळ्या घरांची मुलं होती, पण ही हाक सगळ्यांना कळे. टाळ्या ऐकल्या की हातातलं खेळणं, डब्यातला इडलीचा तुकडा, चालू असलेली मारामारी, सगळं टाकून पोरं धूम ठोकायची.

बुधवार हा बघायचा वार. पडवीच्या पायऱ्यांवर मुलांना ओळीनं बसवायचं, दर वेळी तिथंच, आणि समोरचं तेच झाड काढायचं. आधी नुसतं बघायचं, बोलायचं नाही. मग काढायचं. खोडरबर वर्ज्य. पहिली रेघ जमिनीची, कागदाच्या खालच्या कडेला धरून, हा तर कायदाच होता. "जमीन नाही तर झाड उभं कशावर राहणार?" असं त्या विचारायच्या. दुसरी रेघ खोडाची, मेणाच्या जाड खडूनं, दाबून. पुढं मग हळद, चहाचं पाणी, विटेचा भुगा, बीट, काय वाटेल ते रंगवायला घ्या.

'छान', 'शाब्बास' असले शब्द त्यांच्यापाशी नव्हते. चित्र घेऊन आलेल्या मुलाला एकच प्रश्न, "हे बघितलंस का?" एकदा एका पोरीनं कोपऱ्यात डोळे मिचकावणारा सूर्य काढला. अक्कांनी विचारलं, "सूर्याला डोळे आहेत? बघितलंस का?" पोरगी म्हणाली, "सूर्याकडे बघायचं नाही असं आई सांगते." "मग काढतेस कशाला?" पोरीनं विचार केला आणि सूर्यावर विटेचा भुगा थापून तो बुजवून टाकला.

आणखी एक सवय. मुलं खोलीत परतताना त्या दाराशी उभ्या राहत आणि आत जाणाऱ्या प्रत्येक डोक्यावर हात ठेवून नाव घेत. चप्प तेल लावलेलं डोकं म्हणजे सुमा. कुरळं, हाताला चिकटणारं म्हणजे जोसेफ. बारीक कापलेले, खरखरीत केस आणि त्यात एक सोडून दोन भोवरे, तो निनाद. मला वाटायचं, लाड करतायत. बाकी लाड कधी दिसले नाहीत, तेवढाच तो.

हा निनाद माझ्याच गावचा. त्याचे आईवडील माझ्यासारखेच नवे आलेले. आई, सोनाली, रोज इस्त्रीच्या कपड्यांत त्याला सोडायला येई आणि नेताना त्याच्या गुडघ्यांकडे बघून उसासा टाकी. तो मुलगा फार सांगितलेलं ऐकणारा. बस म्हटलं की बसायचा, ऊठ म्हणेपर्यंत. दाराच्या मागे, चपलांच्या फडताळाजवळ, ही त्याची जागा ठरलेली होती.

गणपतीच्या सुमारास झाडाखाली एक मेलेली खार सापडली. मी ती कागदात गुंडाळून टाकायला निघाले तर अक्का म्हणाल्या, "राहू दे." त्यांनी तिच्यावर टोपली पालथी घातली, वर दगड ठेवला, आणि रोज सकाळी टोपली उचलून 'नोडोण'. पहिल्या दिवशी मुलांनी झोपलेली खार काढली. मग मुंग्या काढल्या. मग पोट बसलेली खार. मग एक दिवस वास सुटला, आणि निनादनं सगळा कागदच काळ्या खडूनं घोटून काढला. "हे काय?" "वास," तो म्हणाला. अक्कांनी त्या कागदावरून बोट फिरवलं आणि 'हे बघितलंस का' असं विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी आयांचं शिष्टमंडळ आलं. पुढे सोनाली. "अक्का, मुलं झोपेत दचकतायत. नेचर शिकवा, पण फुलं आहेत, फुलपाखरं आहेत. हे असलं कशाला?"

"फुलपाखरू पण काढतील, आलं की."

"पण इतक्या लहान वयात मरण कशाला दाखवायचं?"

अक्का शांतपणे म्हणाल्या, "मी दाखवलं नाही, ताई. ते अंगणात पडलेलं होतं. मी फक्त टोपली घातली, कावळ्यांनी नेऊ नये म्हणून." सोनाली तडक निघून गेली. त्या दिवसापासून ती निनादला फाटकाशी सोडताना खाली वाकून बजावायची, "अक्का असं काही दाखवायला लागल्या तर तू जायचं नाही. आपल्या जागेवर बसून राहायचं." तो मान डोलवायचा.

दसरा झाला आणि भिंतीपलीकडच्या मोकळ्या प्लॉटवर पत्रे लागले. तेव्हा बंगळुरात जिकडंतिकडं हेच चाललं होतं, बंगला पाडा, चार मजले उभे करा. इथं तर तळघर खणणार होते, मोटारी ठेवायला. दिवसभर यंत्राची घरघर चालायची आणि खडूच्या डब्यात खडू थरथरायचे. त्या आठवड्यात पत्र्याच्या फटीतून डोकावून आलेल्या सुमानं झाडाखाली केसांचं जंजाळ काढलं, हवेत लोंबणारं. "हे बघितलंस का?" "हो. त्या बाजूला झाडाचे पाय खड्ड्यात लोंबतात. तुटलेत." अक्का मला म्हणाल्या, "जा, बघून ये." मी फटीला डोळा लावला. आमच्या भिंतीच्या पायाला लागून सरळ खाली खोल कापलेली माती, आणि त्यातून बाहेर आलेली, मनगटाएवढी मुळं, टोकांना पांढरीफटक.

मला एक गोष्ट उशिरा कळली, आणि तीही एका बांगडीमुळे. माझ्या हातात काचेच्या बांगड्या असायच्या, त्या एकदा फुटल्या म्हणून मी बोडक्या हातांनी शाळेत गेले. अक्कांच्या पुढ्यात जाऊन कॉफीचा लोटा ठेवला. त्यांनी मान वर केली, सरळ माझ्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, "कोण?"

"मी, अक्का," मी म्हटलं. आवाजावरून त्यांनी ओळखलं. "पुणेकर होय. बस. काचबिंदू आहे. दोन्हीकडं. डॉक्टर म्हणतात, गेलेलं परत येत नाही, उरलेलं जाईल हळूहळू." दूधवाला आज आला नाही, हे सांगावं तसं सांगितलं. मग म्हणाल्या, "मुलांचे डोळे नवे आहेत. मी ते वापरते."

म्हणजे 'हे बघितलंस का' हा प्रश्न त्या खरोखरच विचारत होत्या. मेणाचा जाड खडू, दाबून काढलेलं खोड, डोक्यावरचा हात, सगळ्याचा उलगडा झाला. मला रडू यायला लागलं तर त्या खेकसल्या, "कॉफी निवतेय."

आणि मग त्यांनी मला ते दाखवलं. खोलीत दोरीला बुधवारची चित्रं वाळत घातलेली असत, ओळीनं, जूनपासूनची. अक्कांनी अंगठा एका चित्राच्या जमिनीच्या रेघेवर ठेवला आणि पहिलं बोट खोडाच्या मेणावर. बोट आणि अंगठा काटकोनात उघडले. "हे पंचमीचं." पुढच्या चित्रावर तसेच. "हे दसऱ्याचं." मग दिवाळीनंतरची चित्रं. प्रत्येक चित्रावर बोट जरासं अंगठ्याकडे मिटत गेलं. सुमाच्या, जोसेफच्या, निनादच्या, सगळ्यांच्या. त्यांनी हात तसाच वर धरला, मला दिसावा म्हणून. "पाच वर्षांच्या पोरांच्या रेघा वाकड्या येतात, सरी. सगळ्यांच्या एकाच अंगाला वाकड्या कशा येतील?"

"कुठल्या अंगाला?" मी विचारलं, खरं तर विचारायची गरज नव्हती.

"आपल्या खोलीच्या," अक्का म्हणाल्या.

शाळेचे सेक्रेटरी मूर्ती सर, इस्त्रीदार सफारीतले, गोड बोलणारे. अक्कांनी त्यांना सांगितलं की मुलांना या खोलीतून हलवा, पडवीत बसवते. झाड कापा असं त्या म्हणाल्या नाहीत, फक्त मुलं हलवा. मूर्ती सरांनी पलीकडच्या सुपरवायझरला बोलावलं. त्यानं झाडाला एक थाप मारली, म्हणाला, रेन ट्री असंच झुकून वाढतं, शंभर वर्षं काही होत नाही. पलीकडच्या बिल्डरनं शाळेला घसरगुंडी भेट दिली होती, ती त्याच आठवड्यात अंगणात बसवली गेली. "अक्का, जानेवारीत प्रदर्शन आहे. पुढच्या वर्षाच्या ॲडमिशन त्याच्यावर आहेत. पडवीत मुलं बसलेली पालकांनी बघितली तर काय म्हणतील?" असं म्हणून त्यांनी हात जोडले. मग दोरीवरची सगळी चित्रं गोळा करून ते घेऊन गेले. प्रदर्शनासाठी फ्रेम करायची होती.

प्रदर्शनाच्या दिवशी भिंती भरून गेल्या होत्या. सोनेरी पट्टी, काच, खाली मुलाचं नाव. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा काहीतरी खटकलं, पण काय ते कळेना. पालक मात्र खूश. "किती गोड, सगळ्या पोरांनी झाड डोंगरावर काढलंय," एक बाई म्हणाली. "उटीला गेले होते वाटतं," दुसरी म्हणाली, आणि हशा पिकला.

अक्का एका फ्रेमसमोर उभ्या राहिल्या. त्यांनी काचेवरून बोट फिरवलं. काच गुळगुळीत. त्यांना काही लागेना. "पुणेकर," त्या हळूच म्हणाल्या, "जमीन कशी दिसते?"

तेव्हा मला कळलं काय खटकत होतं ते. "तिरकी, अक्का."

"सगळ्यांची?"

"सगळ्यांची. झाडं मात्र सरळ उभी आहेत."

फ्रेमवाला बिचारा मन लावून काम करणारा होता. लहान मुलांची चित्रं, वेडीवाकडी, नीट दिसली पाहिजेत असं त्याला बजावलेलं. त्यानं एकेक कागद फिरवला, खोड पट्टीशी समांतर आणलं, कडा कापल्या आणि काचेत बंद केला. एकही झाड वाकडं ठेवलं नाही. इतके महिने मुलांनी जे बघून ठेवलं होतं, ते त्यानं एका दुपारीत सरळ करून टाकलं.

अक्का खाली बसल्या. मूर्ती सर, पाहुणे, चहाचे पेले घेतलेले पालक, सगळ्यांच्या देखत त्यांनी फ्रेम मांडीवर पालथी घेतली आणि चमच्याच्या दांड्यानं मागचे खिळे उचकटायला लागल्या. कोणीतरी म्हणालं, "बाईंना काय झालं?" अक्का मान वर न करता म्हणाल्या, "जमीन तिरकी नसते, सर. पहिली रेघ जमिनीची असते." मूर्ती सरांचा चेहरा पडला. त्यांनी माझ्याकडे डोळे वटारून बघितलं, मी त्यांना उचलून आत न्यावं म्हणून. मी दुसरा चमचा आणून दिला.

पुढच्या आठवड्यात कमिटीनं अक्कांना बोलावलं. मला सोबत नेलं, कारण जिना होता. मूर्ती सर सुरुवातीला गोडच बोलले. मग म्हणाले, "अक्का, तुमच्याबद्दल आदर आहे. पण एक विचारू का? समोरच्या भिंतीवरच्या घड्याळात किती वाजलेत?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात अक्कांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. बांगड्या वाजू नयेत अशा बेतानं दाबला. "दिसत नाही," त्या म्हणाल्या. "घड्याळही दिसत नाही नि तुमचं तोंडही दिसत नाही. झाड वाकलंय हे मला मुलांनी सांगितलं. मुलांना दिसतं."

"बघा," मूर्ती सर बाकीच्यांकडे वळून म्हणाले. कमिटीनं सन्मानानं निवृत्ती दिली. शाल, नारळ, आणि उद्यापासून येऊ नका. वर्ग माझ्याकडे आला.

अक्का दुसऱ्या दिवशी आल्या. आत नाही, फाटकाबाहेर, रस्त्यापलीकडच्या दगडावर येऊन बसल्या, छत्री घेऊन. थोड्या वेळानं उठल्या, रस्ता ओलांडून फाटकाशी आल्या आणि दोन टाळ्या वाजवल्या. "नोडोण!" माझ्या वर्गातली सगळी खेळणी खाली पडली आणि पोरं दारातून सुटली ती थेट फाटकाच्या गजांना जाऊन लटकली. अक्का बाहेरून विचारत होत्या, मुलं आतून सांगत होती. मुंग्या वर चालल्यात. मातीला तोंड फुटलंय. झाडानं खोलीच्या भिंतीला ढकललंय.

हे रोज चाललं, आणि दिवसातून एकदाच नव्हे. वर्ग सुरू झाला की टाळ्या, डबा खाऊन झाला की टाळ्या. मूर्ती सरांनी फाटकाला कुलूप घातलं. काही बिघडलं नाही, मुलांना गज पुरत होते, आणि फाटक अंगणाच्या पार या टोकाला होतं. त्यांनी पालकांना चिठ्ठ्या पाठवल्या, एका हवालदाराला सांगितलं. हवालदार आला, अक्कांपाशी उकिडवा बसला, त्यांच्या डब्यातला चिरोटा खाल्ला आणि गेला. मी वर्गाचं दार कधी बंद करत नसे. सरांनी विचारलं की मी म्हणायची, "कडी अडकते, सर." उन्हात म्हातारी बाई तासन् तास टाळ्या वाजवतेय, हात लाल झालेत, हे बघून माझा जीव तुटत असे. पण त्यांना घरी जा असं मी एकदाही म्हटलं नाही, कारण रोज सकाळी खोलीत शिरताना माझीच नजर वर कौलांकडे जायची.

निनाद तेवढा यायचा नाही. सगळी मुलं पळाली तरी तो दारामागे बसून राहायचा, आईनं सांगितलेलं ऐकत. मी रोज त्याला उचलून न्यायची, आणि रोज तो अंग चोरून घ्यायचा.

ती मार्चमधली सकाळ होती. वारा नाही, ढग नाही, पान हलत नव्हतं. पलीकडचं यंत्रही बंद होतं. मी शिपायाशी पाण्याच्या टाकीवरून बोलत पडवीत उभी होते. टाळ्या झाल्या, मुलं फाटकाकडे पळाली. मी निनादला आणायला वळणार, तेवढ्यात फाटकाशी जोसेफ अक्कांना म्हणाला, "अक्का, झाड बोलतंय." मीही ऐकलं. जिन्याच्या लाकडावर कोणीतरी जड माणूस हळूहळू चढावा तसा आवाज. अक्का ओरडल्या, "कोणी हलू नका." मी पडवीच्या दोन पायऱ्या उतरले असेन नसेन, झाड आलं. फार घाई न करता आलं. कौलं, वासे, मग भिंत, आणि मग लाल धुळीत सगळं अंगण दिसेनासं झालं.

मुलं किंचाळत होती. मला माझा हात दिसत नव्हता. खोकत फाटकापाशी पोचले तर अक्कांनी गजांतून दोन्ही हात आत घातले होते आणि मोठ्यानं नावं घेत, न थांबता, डोक्यांवर हात ठेवत होत्या. "सुमा. जोसेफ. फातिमा. मंजू. स्वल्प थांब, ढकलू नको. अनिल. सुमा झाली." ओळीच्या टोकापर्यंत गेल्या, परत आल्या. मग त्यांचे हात थांबले.

"दोन भोवरेवाला नाही," त्या म्हणाल्या.

अक्कांचा आवाज चढला. "पुणेकर, दाराच्या मागे. चपलांच्या फडताळाजवळ. तो तिथून हलत नाही. तिथंच बघ, दुसरीकडं कुठं शोधू नको." पलीकडच्या खड्ड्यातले मजूर भिंतीवरून उड्या टाकून आले होते. मी त्यांना ओढत नेऊन दार जिथं असायला हवं होतं ती जागा दाखवली. त्यांनी फांद्या तोडल्या, वासे उचलले. दगडी फडताळ आडवं पडून उरलेल्या भिंतीला टेकलं होतं, आणि त्याच्याखालच्या पोकळीत निनाद गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. धुळीनं पांढरा, कपाळावर खोक, शुद्धीत. बाहेर काढल्यावर तो मला म्हणाला, "मी उठलो नाही."

सोनाली धावत आली. तिनं मुलाला घट्ट धरलं, फाटकाबाहेर गेली आणि अक्कांच्या शेजारी दगडावर बसली. इस्त्रीची साडी लाल धुळीनं माखली. अक्कांनी हात पुढे केला, चाचपत त्याचं डोकं शोधलं, खरखरीत केसांतून बोट फिरवलं. "आहेत दोन्ही," त्या म्हणाल्या. तेव्हा सोनाली रडायला लागली.

वर्तमानपत्रात छोटी बातमी आली की सोसाट्याच्या वाऱ्यानं झाड पडलं. मूर्ती सरांनी ती कापून फळ्यावर लावली. शाळा दुसरीकडे गेली, पलीकडे चार मजले उभे राहिले, आणि अक्कांना कोणी परत बोलावलं नाही.

दोन-तीन वर्षांनी नवऱ्याची बदली झाली. निघायच्या आधी मी अक्कांना भेटायला त्यांच्या जुन्या पेठेतल्या घरी गेले. एकट्याच राहत होत्या. आता उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. मागच्या खोलीत खाटेवर बसल्या होत्या, अंबाड्यात अबोली होतीच. माझ्या बांगड्या ऐकून म्हणाल्या, "आलीस का रिझर्व्हेशन करून?" कॉफी झाली, निनाद आता सहावीत गेला असेल अशा चुकीच्या हिशोबावर आम्ही हसलो. बोलताना मध्येच त्या थांबायच्या आणि मान तिरपी करून ऐकायच्या. मीही ऐकलं. बाहेरून एक ओळखीची घरघर येत होती.

"शेजारचं घर पाडलं," अक्का म्हणाल्या. "आता खणतायत. मोटारी ठेवायला." मग उशीखालून कागद आणि मेणाचा खडू काढून माझ्या हातात दिला. "खिडकीतून माझा फणस दिसतो. काढ."

"अक्का, मला कुठं चित्र काढता येतं?"

"काढ. बघून काढ. पहिली रेघ कुठली?"

मी जमिनीची रेघ काढली, कागदाच्या कडेला धरून. मग फणसाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग खोड काढलं, दाबून, आणि कागद त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी अंगठा जमिनीवर ठेवला, पहिलं बोट खोडावर. बोट जरासं अंगठ्याकडे मिटलं. घरघर चालूच होती.

"हे बघितलंस का?" त्यांनी विचारलं.

"बघितलं, अक्का."

"सरी," त्या म्हणाल्या. कागद बाजूला ठेवून त्या उठल्या, पदर कमरेला खोचला, चाचपत खाटेच्या डोक्याकडे गेल्या आणि खाली वाकल्या. "धर तिकडून. पुढच्या खोलीत घेऊ."